तो आला, की घुसला?

'ही बार्ज्ड इन्टू द मीटिंग.'

मोजून पाच शब्द. ऑफिसच्या कुठल्याही मेलमध्ये सापडेल असं वाक्य. आता सांगा, यात घडलं काय? कॉन्फरन्स रूमचं दार उघडलं आणि एक माणूस आत आला. घटना म्हणाल तर एवढीच! पण वाक्य वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर जो माणूस आला, त्याने दारावर टकटक केली होती का? नाही ना? उलट त्याने दार ढकललं, कुणाच्या तरी खुर्चीला धक्का दिला, प्रेझेंटेशन चालू आहे याची फिकीर केली नाही... हे सगळं तुम्ही कुठे वाचलंत? मेलमध्ये तर नव्हतं. ते सगळं 'बार्ज' नावाच्या एका क्रियापदाच्या पोटात होतं.

आता तेच दार, तीच मीटिंग, तोच माणूस. फक्त क्रियापद बदला. 'ही स्लिप्ड इन्टू द मीटिंग.' गडी गुपचूप येऊन मागच्या खुर्चीत बसला. 'ही ब्रीझ्ड इन्टू द मीटिंग.' परफ्यूमचा घमघमाट, हातात कॉफीचा मग आणि चेहऱ्यावर 'चिल मारो यार'. 'ही स्टम्बल्ड इन्टू द मीटिंग.' बिचारा, चुकीच्या खोलीत शिरला की काय! चार क्रियापदं, चार वेगळी माणसं. आणि यातली तीन माणसं लिहिणाऱ्याने तयार केलेली, बरं का.

शाळेत आपल्याला गो-वेन्ट-गॉन आणि कम-केम-कम घोकायला लावलं आणि तिथेच सोडून दिलं. त्यामुळे आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत सगळी जनता एक तर 'गो' करते नाही तर 'कम' करते. फार तर फार 'रन'. मग कधीतरी एखाद्या इंग्रजी सीरिजमधून 'बार्ज', 'स्टॉर्म', 'सॉन्टर' अशी झणझणीत क्रियापदं कानावर पडतात, आवडतात आणि दुसऱ्याच दिवशी मेलमध्ये जाऊन बसतात. तर या वेळी गप्पा या चालत्या-पळत्या क्रियापदांच्या. विशेषतः 'बार्ज'च्या, कारण ते सध्या ऑफिसात भलतंच फॉर्मात आहे.

'बार्ज' म्हणजे मुळात बोट. गोव्याला गेलेल्यांना नव्याने सांगायला नको. मांडवीतून लोहखनिज भरून मुरगाव बंदराकडे निघालेल्या त्या लांबलचक, सपाट तळाच्या बोटी गोव्याच्या मराठी-कोंकणी माणसाला 'बार्ज' म्हणूनच ठाऊक. खाणी 2012 मध्ये बंद पडल्या, पुढे काही काळ सुरू झाल्या आणि 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. पण त्याआधी खाणधंदा जोरात असताना पणजीच्या काठावर उभं राहिलं की एकामागोमाग एक बार्ज सरकताना दिसायची. तिची चाल एकदा आठवा. पोटात शेकडो टन माल. वळायला वेळ, थांबायला त्याहून वेळ. बाजूला व्हायचं ते छोट्या होडीनेच. बार्ज काही कुणाचा मार्ग मुद्दाम अडवत नाही, पण ती आली की आली! अशाच बोटींच्या धसमुसळ्या चालीवरून 19व्या शतकात इंग्रजीत हे क्रियापद माणसांना लागू झालं. गर्दीतून खांदे मारत पुढे जाणारा तो 'बार्ज' करणारा. दादरच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता अशा बार्जेसचा ताफाच निघतो, फक्त त्यांच्या पाठीवर सॅक असते.

म्हणूनच 'बार्ज' नुसतं वापरून भागत नाही, सोबत एक छोटा शब्द लागतो. 'बार्ज इन' म्हणजे न विचारता आत किंवा बोलण्यात मध्येच. 'बार्ज इन्टू' म्हणजे अमुक खोलीत, किंवा थेट अमुक माणसाच्या अंगावर. 'बार्ज पास्ट' म्हणजे कुणाला तरी ढकलून त्याच्या बाजूने. 'बार्ज थ्रू' म्हणजे गर्दीतून वाट काढत. दिशा त्या छोट्या शब्दात आणि तऱ्हा क्रियापदात, अशी ही वाटणी आहे.

आणि इथेच आपली गोची होते. कारण मराठीत वाटणी नेमकी उलटी असते. आपण म्हणतो, 'तो तरातरा आत शिरला.' दिशा कुठे आहे? 'शिरला' मध्ये. तऱ्हा कुठे? 'तरातरा' मध्ये, म्हणजे क्रियापदाच्या बाहेर. लिओनार्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1985 मध्ये यावर सविस्तर लिहिलं. जगातल्या भाषा हालचालीचं वर्णन करताना कुठली माहिती क्रियापदात कोंबतात आणि कुठली बाहेर ठेवतात, यावरून त्यांचे गट पडतात, हा त्याचा मुद्दा. इंग्रजी तऱ्हा आत ठेवते. स्पॅनिश, फ्रेंच या भाषा दिशा आत ठेवतात आणि 'धावत', 'रांगत' असलं काही सांगायचं तर वेगळा शब्द जोडतात. मराठीचं वळण बरंचसं या दुसऱ्या गटासारखं.

याचा अर्थ मराठी गरीब, असं कुणी म्हणालं तर त्याला सरळ उडवून लावा. तुरुतुरु, लुटुलुटु, दुडुदुडु, झपाझप, तरातरा, लगबगीने, रमतगमत, दबक्या पावलांनी, झोकांड्या खात, पाय ओढत... आहे का कुणाची टाप? तऱ्हा आपल्याकडे ढिगाने आहेत, फक्त त्या दुसऱ्या कप्प्यात ठेवल्यात. एक प्रयोग करून बघा. इंग्रजी वाक्य लिहिताना आधी मराठीतला हा जोडशब्द मनात आणा आणि मग त्याच्या जागी थेट इंग्रजी क्रियापद बसवा. रमतगमत गेला, 'ही सॉन्टर्ड'. दबक्या पावलांनी गेली, 'शी टिपटोड'. झोकांड्या खात आला, 'ही स्टॅगर्ड इन'. पाय ओढत घरी गेलो, 'आय ट्रज्ड होम'. दुडुदुडु चालतं ते बाळ 'टॉडल' करतं, म्हणून तर त्याला टॉडलर म्हणतात. आणि बॉसच्या केबिनबाहेर रजेचा विषय कसा काढावा या विवंचनेत आपण जे घुटमळतो ना, त्याला 'हॉव्हर'. हे घुटमळणं तर मराठीतही एकाच शब्दात बसतं, आणि 'हॉव्हर'पेक्षा मला तरी ते जास्त गोड वाटतं.

प्रॉब्लेम होतो तो मराठी वाक्य जसंच्या तसं उचललं की. 'ही सडनली केम रनिंग ॲण्ड एन्टर्ड इनसाइड द केबिन.' हुश्श! वाचणाऱ्यालाच धाप लागावी. शिवाय 'एन्टर' म्हणजेच आत जाणं, त्याला वर आणखी 'इनसाइड' कशाला? 'ही रश्ड इन्टू द केबिन', विषय संपला. तीच गंमत 'बार्ज'ची. 'ही फोर्सफुली बार्ज्ड इन' असं लिहिणारे बरेच सापडतात. अरे बाबा, जबरदस्ती बार्जच्या पोटात आधीच भरलेली आहे. वर आणखी 'फोर्सफुली' टाकलं तर बोट बुडेल.

'डॅश'ची कथा आणखी मजेशीर. हा शब्द आपण कधीच दत्तक घेतलाय, पण नाव बदलून. 'रिक्षाने गाडीला डॅश मारली' म्हणजे धडक दिली. मग इंग्रजीतही आपण बिनधास्त लिहितो, 'द ऑटो डॅश्ड माय कार.' भारतात हे सगळ्यांना समजतं. लंडनच्या क्लायंटला मात्र समजत नाही. त्याच्या इंग्रजीत 'डॅश' म्हणजे लगबगीने पळणं. 'सॉरी, आय हॅव टु डॅश' म्हणून तो कॉल कट करतो तेव्हा कुणाला धडक द्यायला चाललेला नसतो, त्याला निघायची घाई असते. आणि तुम्ही 'आय डॅश्ड टु दादर' लिहिलंत तर तुम्ही धावतपळत दादरला गेलात, एवढंच त्याला कळेल. दादरला धडक वगैरे नाही.

धडकेचा विषय निघालाच आहे, तर आता जरा सीरियस गोष्ट.

1974 मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 45 विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघातांच्या छोट्या फिल्म्स दाखवल्या. नंतर प्रश्न विचारला, गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा त्यांचा वेग किती होता? ट्रिक अशी, की प्रत्येक गटाला प्रश्नातलं क्रियापद वेगळं दिलं होतं. कुणाला 'स्मॅश्ड', कुणाला 'कोलायडेड', कुणाला 'बम्प्ड', कुणाला 'हिट', कुणाला 'कॉन्टॅक्टेड'. फिल्म्स सगळ्यांना त्याच. तरी 'स्मॅश्ड' ऐकलेल्यांनी सरासरी वेग सांगितला ताशी सुमारे 40 मैल आणि 'कॉन्टॅक्टेड' ऐकलेल्यांनी सुमारे 32. एका क्रियापदाने गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला!

खरा दणका त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात होता. यात 150 विद्यार्थी. 50 जणांना 'स्मॅश्ड' वापरून वेग विचारला, 50 जणांना 'हिट' वापरून आणि उरलेल्या 50 जणांना वेगाबद्दल काहीच विचारलं नाही. आठवड्याने सगळ्यांना परत बोलावलं आणि विचारलं, फिल्ममध्ये फुटलेली काच पाहिलीत का? 'स्मॅश्ड'वाल्यांपैकी 16 जण हो म्हणाले. 'हिट'वाल्यांपैकी 7 आणि तिसऱ्या गटातले 6. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच.

म्हणजे बघा, आठवड्यापूर्वी कानावर पडलेल्या एका क्रियापदाने काही लोकांच्या आठवणीत काचांचा सडा घातला. आणि हे अपघात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले लोक होते. तुमचा मेल वाचणाऱ्या एचआरने तर ती मीटिंग पाहिलेलीसुद्धा नसते. दार कसं उघडलं, माणूस कसा आत आला, हे तिला तुमच्या क्रियापदावरूनच कळणार. तुम्ही 'बार्ज्ड' लिहिलंत की खुर्चीला धक्का लागलाच म्हणून समजा.

म्हणून मला या क्रियापदांची मजा वाटते तशी थोडी भीतीही वाटते. ऑफिसात ती वर्णन म्हणून लिहिली जातात आणि निकाल म्हणून वाचली जातात. एक नेहमीचं उदाहरण घ्या. 'ही सॉन्टर्ड इन ॲट इलेव्हन.' मुद्दा काय, तर पठ्ठ्या अकराला आला. बरोबर, लेटमार्क लावा. पण 'सॉन्टर्ड'? हा माणूस कल्याणहून दीड तास फास्ट लोकलमध्ये एका पायावर उभा राहून आलाय, स्टेशनवरून शेअर रिक्षा, मग लिफ्टची रांग. डेस्कपाशी पोचेपर्यंत त्याच्या अंगातलं सगळं त्राण गेलं म्हणून तो हळू चालतोय. तुम्ही लिहिलंत तो रमतगमत, मजेत, कुणाची पर्वा न करता आला. उशीर घड्याळाने मोजला होता, बेपर्वाई तुम्ही जोडलीत. आणि अप्रेझलच्या वेळी कुणालाही 11 वाजून किती मिनिटं ते आठवत नाही, 'सॉन्टर' बरोब्बर आठवतं. 'स्टॅगर' तर त्याहून डेंजर. नाइट शिफ्टनंतर झोपेने तुमचा कलीग झोकांड्या खात असेल, पण 'ही स्टॅगर्ड इन' वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार बाटलीचा येतो.

मुलींच्या वाट्याला तर खास वेगळी क्रियापदं. मीटिंगमधून तो उठून गेला की 'ही वॉक्ड आउट', त्यात कशी एक शान आहे. ती उठून गेली की 'शी स्टॉर्म्ड आउट', आणि लिहिणारा जास्तच खवचट असेल तर 'शी फ्लाउन्स्ड आउट'. डिक्शनरी काही असं सांगत नाही की 'स्टॉर्म' फक्त बायकांनी करावं, पुरुषही करतातच. 'फ्लाउन्स' मात्र पुरुषांसाठी वापरलेलं मी तरी क्वचितच वाचलंय. आणि हा फक्त इंग्रजीचा दोष आहे असं समजू नका. मराठीत तो 'सभात्याग' करतो आणि ती 'फणकाऱ्याने निघून जाते'. कधी कुणा पुरुषाला फणकाऱ्याने निघून जाताना वाचलंय? खुर्ची सोडून दारापर्यंत जायला दोघांना पावलं तेवढीच लागतात.

मग काय, ही क्रियापदं वापरायचीच नाहीत? छे! तसं केलं तर आपण परत गो-वेन्ट-गॉनवर येऊ. फक्त जागा बघून वापरायची. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोमवारच्या लोकलची कहाणी सांगताना कंजूषी कशाला? तिथे लोक 'बार्ज' करू देत, 'स्क्रॅम्बल' करू देत, बॉस खुशाल 'स्टॉर्म' करू दे. ट्रॅव्हल ब्लॉग असेल, क्लायंटला एखादा किस्सा सांगायचा असेल, तिथेही एक नेमकं क्रियापद तीन विशेषणांचं काम करून जातं. पण मिनिट्स ऑफ द मीटिंग, तक्रारीचा मेल, इन्शुरन्सचा क्लेम फॉर्म, अप्रेझलची कमेंट... इथे 'केम', 'लेफ्ट', 'एन्टर्ड' हे आपले शाळेतले जुने दोस्तच बरे. 'ही एन्टर्ड द रूम ॲट इलेव्हन टेन विदाउट नॉकिंग.' बोअर वाक्य आहे, मान्य. पण यातला प्रत्येक शब्द तपासता येतो. टकटक झाली की नाही हे आत बसलेले सात जण सांगू शकतात. बार्ज झालं की नाही हे कोण सांगणार?

झणझणीत क्रियापदाचंही माप असतं, हे बघायचं तर बिझनेस पेज उघडा. तिथे रोज कुणी 'प्लंज' करतं, कुणी 'सोअर', कुणी 'क्रॉल'. मराठी पेपर याबाबतीत इंग्रजीच्या तसूभरही मागे नाहीत, बाजार घसरतो, गडगडतो, कोसळतो, उसळतो. पण कधी काय म्हणायचं? 17 मे 2004 ला सेन्सेक्स 564 अंशांनी पडला आणि हाहाकार उडाला, कारण ती 11 टक्क्यांहून जास्त घसरण होती. 'कोसळला' हा शब्द त्या दिवशी शोभला. सेन्सेक्स 80 हजारांच्या आसपास असताना तेवढेच 564 अंश पडले तर तो एक टक्काही होत नाही. तेव्हा 'कोसळला' लिहिणाऱ्याने आधी कॅल्क्युलेटर काढावा. 4 जून 2024 ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, सेन्सेक्स 4,389 अंशांनी खाली आला; 23 मार्च 2020 च्या 3,934 अंशांपेक्षा आकडा मोठा. पण टक्क्यांत पाहिलं तर 2024 ची घसरण 6 टक्क्यांच्या आत आणि कोरोनाच्या दिवसांतली ती 13 टक्क्यांवर. दोन्ही दिवसांना एकच क्रियापद लावलं तर 2020 च्या दिवसावर अन्याय होतो. बाजाराचं एक बरं असतं, शेजारी आकडा छापलेला असतो, कुणालाही पडताळून बघता येतं. कॉन्फरन्स रूमच्या दारावर असा आकडा नसतो.

मी स्वतः एक साधी टेस्ट वापरते. जे क्रियापद मेलमध्ये दुसऱ्यासाठी लिहिलंय, ते 'आय'च्या पुढे लावून मोठ्याने वाचायचं. 'आय एन्टर्ड', ठीक. 'आय रश्ड इन', ठीक. 'आय स्टम्बल्ड इन', जरा लाजिरवाणं, पण चालेल. 'आय सॉन्टर्ड इन ॲट इलेव्हन'? बॉसला असं कोण लिहील? 'आय फ्लाउन्स्ड आउट'? अशक्य! अशी क्रियापदं डिलीट करून मगच सेंड दाबायचं.

या टेस्टमधून 'बार्ज' मात्र चक्क पास होतं. 'सॉरी टु बार्ज इन' हे इंग्रजीतलं अगदी सभ्य वाक्य आहे. दोघं बोलत असताना मध्ये बोलायचं असेल तर आधी हे म्हणायचं, जसं आपण मराठीत 'मध्येच बोलतेय, सॉरी हं' म्हणतो. स्वतःला बार्ज म्हणवून घेतलं की समोरचे हसून बाजूला सरकतात आणि वाट देतात. हेच वाक्य दाराच्या आतून, दुसऱ्या कुणीतरी, तुमच्याबद्दल लिहिलं की मात्र त्यातलं 'सॉरी' गळून पडलेलं असतं.